मान खाली घालेपर्यंत

१

दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी सानपाड्यातल्या एका गाळ्यात, लाकडी चौथऱ्यावर, नुसत्या हाफ चड्डीत उभा राहायचो आणि धम्मपाल माझ्या पावलांभोवती खडूने रेघ ओढायचा. वीस मिनिटं उभं राहायचं, पाच मिनिटं सुट्टी. सुट्टीनंतर पाय होते तिथेच परत यावेत म्हणून ही रेघ. धम्मपाल बोटंसुद्धा एकेक करून आखायचा. तिशीचा माणूस, तुर्भ्याला पुतळ्यांच्या कारखान्यात कामाला. त्याला अर्धवट काही जमत नाही.

हे मी पडल्या पडल्या सांगतोय आणि सून, सोनल, लिहून घेतेय. डॉक्टरांनी उशी काढून टाकायला सांगितली आहे, त्यामुळे मला फक्त पंखा दिसतो. तरी सोनल मधेच पेन थांबवून माझ्याकडे बघते हे मला कळतं. घरात माझी कीर्ती बरी नाही. मार्केटात ट्रक उशिरा आला की लोक म्हणायचे, शिवराम, सांग काहीतरी. मी सांगायचो. वाशीच्या खाडीत मगरीने माझी सायकल ओढून नेली आणि आठ दिवसांनी दोन्ही चाकांत हवा भरून काठावर आणून ठेवली, ही गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली असेल. त्यातली सायकल खरी होती.

सोनलला म्हटलं, लिही तू. यात मगर अगदी थोडी आहे.

गाव माझं पाटणकडचं. कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं गोण्या वाहिल्या, मग मुलाला, रणजीतला, माझ्या जागेवर लावलं आणि चोपन्नाव्या वर्षी घरी बसलो. बसवत नव्हतं. तेव्हा शालनवहिनींनी हे काम आणलं. वहिनी म्हणजे माझा जोडीदार ज्ञानू, त्याची बायको. ज्ञानूला जाऊन दहा वर्षं झाली होती. त्या गाळ्याची झाडलोट त्या करायच्या. तिथे राजलक्ष्मी मॅडम शरीररचना शिकवायच्या. डॉक्टरांना नव्हे. चित्रं काढणाऱ्यांना, पुतळे करणाऱ्यांना, कॉम्प्युटरवर माणसं पळवणाऱ्यांना.

मॅडम साठीच्या, चष्मा गळ्यात लटकवलेला. त्यांनी मला शर्ट काढायला लावला, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "जिममधलं अंग दाखवायला केलेलं असतं. मला वापरलेलं अंग हवं होतं."

इतकं चांगलं माझ्याविषयी आजवर कुणी बोललं नव्हतं. फक्त एक अट होती. चौथऱ्यावर उभं असताना बोलायचं नाही.

२

पद्धत अशी. पहिला तास कागदावर चित्र, मग दोन तास माती. प्रत्येकाकडे दीड फुटी प्लॅस्टिकचा सांगाडा, फळीवर सळईने उभा केलेला. पाठीच्या कण्यात तार, म्हणजे तो वाकवून माझ्यासारखा उभा करता येतो. त्याच्यावर मातीचे स्नायू चढवायचे. हाडाला लागून असलेला सगळ्यात आतला आधी. मातीची वळी करायची, एक टोक ज्या हाडावरून स्नायू निघतो तिथे दाबायचं, दुसरं जिथे पोचतो तिथे. मग त्याच्यावरचा, मग त्याच्यावरचा. तेही डाव्या बाजूलाच. उजवी बाजू हाडांची ठेवायची, आत काय आहे ते विसरू नये म्हणून. सात विद्यार्थी, सात टेबलं, सात अर्धे शिवराम.

संपलं की माती सुकून तडकू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी. बुधवारी वहिनी कुलूप उघडून फडकी पुन्हा ओली करायच्या. किल्ल्या दोनच, एक मॅडमकडे, एक त्यांच्याकडे.

उभ्या उभ्या मीही शिकलो. मानेपासून खांद्यावर आणि तिथून पाठीच्या मध्यापर्यंत उतरणारा जो मोठा स्नायू असतो, त्याचं इंग्रजी नाव मला तीन रविवार आलं नाही, म्हणून मी त्याला हमालपट्टा म्हणालो. पुढे सगळे तेच म्हणायला लागले. मॅडमसुद्धा. त्यांचं एक वाक्य मात्र मी जसंच्या तसं पाठ केलं होतं. "स्नायूला एकच काम येतं, खेचणं. तो ढकलत नाही आणि उगाच खेचत नाही. आवळलेला दिसला की विचारायचं, कशासाठी?"

पाचव्या रविवारी हमालपट्ट्याची पाळी आली. मॅडम टेबलं बघत फिरल्या, सातव्या टेबलाशी थांबल्या, परत पहिल्याशी आल्या. मग म्हणाल्या की शिवरामभाऊ आरामात उभे आहेत, हात सैल आहेत, मग तुम्ही सगळ्यांनी हा स्नायू ओझं घेताना असतो तसा का केलाय? एकमेकांचं बघून केलंत का?

मनस्वी म्हणून एक मुलगी होती, कॉम्प्युटरवर माणसं पळवणाऱ्यांपैकी. ती म्हणाली, "मॅम, दिसतंय तेच केलंय. तुम्ही हात लावून बघा ना."

मॅडमनी पेन्सिलीचं मागचं टोक माझ्या खांद्यावर ठोकलं. टकटक आवाज आला, दारावर वाजवल्यासारखा.

"सैल सोडा, भाऊ."

"सैलच आहे," मी म्हणालो. आणि होताही. मला आत कुठेच जोर लागल्याचं जाणवत नव्हतं.

तीस वर्षांची सवय, अंग विसरत नाही, असं मॅडम म्हणाल्या. मलाही पटलं. ओझं येणार म्हटलं की अंग आधीच आवळतं, हे मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. फक्त एवढंच की त्या गाळ्यात ओझं नव्हतं.

३

नंतरच्या रविवारी माझ्या लक्षात आलं की माती खाली बघतेय.

सांगाडे उभे केले तेव्हा सगळ्यांच्या माना सरळ होत्या. मी स्वतः समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहायचो, कारण बोलायची बंदी असलेल्या माणसाला घड्याळाचा फार आधार असतो. पण फळीवरचे सात शिवराम घड्याळाकडे बघत नव्हते. त्यांची नजर थोडी पुढे, जमिनीवर होती.

मी मॅडमना सांगितलं नाही. मी काही सांगितलं की लोक आधी हसतात. मी आगपेटी काढली. हनुवटी आणि गळ्याखालचा खळगा यांच्यामध्ये काडी उभी धरून पाहिली, तिचं थोडं टोक मोडल्यावर ती नेमकी बसली. सातही ठिकाणी बसली. ती काडी मी चौथऱ्यामागच्या फटीत ठेवून दिली.

सातव्या रविवारी ती बसली नाही. आणखी एक नखभर मोडावी लागली. आठव्या रविवारी पुन्हा नखभर. सातही ठिकाणी तेवढीच. एक पुतळा खिडकीशी होता, एक पार आतल्या कोपऱ्यात. मातीने सुकायचं म्हटलं तरी सगळीकडे सारखंच कसं सुकावं?

शेवटी धम्मपालला विचारलं. तो म्हणाला, माती आवळते काका, पुढून जास्त सुकली की मान पुढे येणारच, आमच्याकडे मोठ्या पुतळ्यांचंही होतं. बोलता बोलता त्याने आपल्या पुतळ्याची हनुवटी अंगठ्याने वर केली. तार कुरकुरली. मी बघत असतानाच ती हळूहळू जिथे होती तिथे परत आली.

"तार ताठ आहे," धम्मपाल म्हणाला आणि हात धुवायला गेला.

४

आता ज्ञानूचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही एका गावचे, एका टोळीतले. थप्पीवरून गोणी उतरवायला दोघं लागतात, एक देणारा, एक घेणारा. घेणारा पाठ करून उभा असतो, त्याला मागचं दिसत नाही. म्हणून आमच्या टोळीची एक रीत होती. देणाऱ्याने गोणी थप्पीवरून अर्धी बाहेर ओढून एका हाताने तोलायची, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं घेणाऱ्याच्या पाठीवर, दोन खवाट्यांच्या मधोमध टेकवायची. बोटं लागली की घेणारा मान खाली घालतो. म्हणजे तयार आहे. मान खाली गेल्याशिवाय गोणी सोडायची नाही.

ज्ञानू ही रीत देवासारखी पाळायचा. मी कधी मुद्दाम तंबाखू मळत उभा राहायचो. तो मागे गोणी तोलून, बोटं टेकवून थांबायचा. शिवी नाही, घाई नाही. मी मान घालेपर्यंत.

त्याची मान मोडल्याची माझी गोष्ट सगळ्या मार्केटला पाठ आहे. ज्ञानूने पैज लावली की दोन गोण्या एकदम घेऊन वीस पावलं चालतो. एकोणीस चालला आणि विसाव्याला मान मोडली. लोक ऐकून आधी वाहवा म्हणायचे, मग हळहळायचे. गोष्ट चांगली जमली होती. वहिनींनाही मी हीच सांगितली, आणि त्यांची पोरगी प्रियदर्शिनी, तेव्हा दहा वर्षांची, तिलाही. ती मोठी झाली ती बाप पैजेपायी आपल्याला टाकून गेला, हे मनात धरून. घरात त्याचा फोटो लावू देत नाही असं वहिनी एकदा म्हणाल्या होत्या.

पैज नव्हती. गोणी एकच होती. मी त्याला मगरीची गोष्ट सांगत होतो, आणि माझ्या डोक्यात आलं की गोष्टीचा शेवट आणि गोणी एकदमच सोडायची. म्हणजे तो दचकेल आणि टोळी हसेल. बोटं लावली नाहीत. चाकांत हवा भरून आणली म्हटल्यावर तो हसायला लागला, मान वर करून. तेव्हाच मी सोडली.

नंतर सात महिने तो गावाकडे पडून होता, मग गेला. मी भेटायला जायचो तेव्हा खोलीत माणसं असायची. ती मलाच म्हणायची, ती पैजेची सांगा. मी त्याच्यासमोर सांगायचो. तो ऐकायचा. एकदाही नाही म्हणाला नाही.

त्याच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती, हातगाडीखाली गेली होती. हेही इथेच सांगून ठेवतो.

५

नवव्या रविवारी मातीच्या पाठीवर खुणा दिसल्या. मी काडी लावायला गेलो होतो, म्हणून पुतळे मागून बघितले. खवाट्यांच्या मध्ये, कण्याच्या डाव्या अंगाला जिथे माती होती तिथे, हरभऱ्याच्या डाळीएवढे दोन खळगे. शेजारी शेजारी. सातही पुतळ्यांवर.

मी बाकावर बसलो आणि सरळ विचार करायला लागलो. सरळ विचार मला जमतो, फक्त मी तो क्वचित करतो. ही रीत आमच्या टोळीबाहेर कुणाला माहीत नाही. टोळीतली निम्मी माणसं गेली, निम्मी गावाला. ज्ञानू सात महिन्यांत घरात बोलला असेल तर आणखी एका माणसाला माहीत असणार. आणि गाळ्याची किल्ली दोघींकडेच. मला एकदम हलकं वाटलं. माणूस करत असेल तर काय, माणसाशी बोलता येतं.

बुधवारी गाळ्यावर गेलो. वहिनी बादलीत फडकी पिळत होत्या. मी तिथेच उभा राहून बघितलं. एक पिशवी काढायची, फडक्यावर वरून पाणी शिंपडायचं, पिशवी परत घालायची. फडकं त्या सोडतच नव्हत्या.

मी विचारलं, पुतळ्यांना कधी हात लागतो का, चुकून.

"म्या फडक्याला हात लावते भावजी, मातीला न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् ते उघडून बघायला मला आवडत न्हाई. तुमचं अर्धं अंग सोलल्यावानी दिसतंय."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या खोटं बोलत नव्हत्या. हे मला ओळखता येतं, धंदाच तो आपला.

६

दहाव्या रविवारी बोटं लागली.

उभं राहून सात-आठ मिनिटं झाली होती. बाहेर सोसायटीचा पाण्याचा पंप चालू होता आणि आत कागदावर कोळशाच्या कांड्या घासल्याचा आवाज. पाठीवर, त्याच जागी, दोन बोटं टेकली. गार वगैरे काही नाही. ऊबदार, आणि चुना लागून सुकलेला असावा तशी खरखरीत. जोर नव्हता. नुसती टेकून राहिली.

माझ्या मानेने खाली जायला सुरुवात केली. मी नाही, मानेने. तीस वर्षं बोटं लागली की ती जातेच. मी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळे रोवले आणि तिला अडवली. तेव्हा पहिल्यांदा मला माझा हमालपट्टा जाणवला, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक दोरा वेगळा.

मागे मनस्वी बसायची. नियम मोडून मी विचारलं, मागे कुणी आहे का गं?

"मी आहे ना काका," ती म्हणाली. "हलू नका, प्लीज."

सुट्टीत तिचं चित्र मागितलं. ते हातात घेऊन खाली धरायच्या ऐवजी मी डोळ्यांसमोर उंच धरलं. माझी पाठ तिने झकास काढली होती. मध्ये दोन गोल सावल्या होत्या.

"हे काय?"

"खळगे पडलेत तिथे. स्किन आत दबलीये. तुमच्या लक्षात नाही आलं कधी?"

त्या दिवसापासून मी मान खाली घातली नाही. बूट सोडून दिले, चपला वापरायला लागलो. जेवताना ताट फळीवर ठेवून उभ्याने जेवलो. देवापुढे हात जोडले ते ताठ. सोनलला वाटलं मान अवघडलीये, तिने बाम आणून दिला. मॅडमनी शिकवलं होतं की माणसाचं डोकं पाच किलोच्या आसपास असतं आणि ते आपलं आपण पुढे पडत असतं. मानेमागचे स्नायू दिवसभर खेचून धरतात म्हणून ते वर राहतं. बसल्या जागी डुलकी लागली की हनुवटी छातीवर येते ती म्हणूनच. कुठलाही स्नायू कायमचा आवळून राहू शकत नाही. थकला की सोडतो.

हे शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

अकराव्या रविवारी धम्मपालने नेहमीसारखी रेघ ओढली, पण वेळ जास्त घेतला. उठून म्हणाला, "काका, आधी मागे उभे होतात ना? तीही जोडी आखली गेली. पुसू?"

मी चौथऱ्यावर चढल्यापासून जागचा हललो नव्हतो. खाली बघितलं नाही. राहू दे म्हटलं.

७

बुधवारी पुन्हा वहिनींकडे गेलो. आता मला दुसरं काही सुचत नव्हतं. खरं सांगायचं ठरवलं, आणि सांगताना त्यात काही घालायचं नाही हेही ठरवलं. ते जास्त कठीण गेलं. चार वाक्यं होती. पैज नव्हती. गोणी एकच होती. मी गंमत करत होतो. मी बोटं लावली नाहीत.

वहिनींनी हातातलं फडकं पूर्ण पिळलं, झटकलं, बादलीच्या काठावर टाकलं.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कधीपासून?

"ह्यांनी पयल्याच आठवड्यात सांगितलं हुतं. म्या म्हनलं, मग चारचौघांत बोला की. तर म्हनले, गोष्ट त्येची हाय, त्योच सांगंल. तुमी यायचा, बसायचा, पैजंची सांगून जायचा. मागं हे भिंतीकडं तोंड करून पडायचे. म्या लई चिडायची. म्हनायची, त्येला काय शिक्षा न्हाई का? तर म्हनायचे, त्येच्यासारखं म्या करनार न्हाई. त्येला म्या बोटं लावल्याबिगर देनार न्हाई."

वहिनींनी फडकं उचलून पुन्हा बादलीत बुडवलं.

"मला वाटायचं तापात बोलत्यात," वहिनी म्हणाल्या.

मी हात जोडले. म्हणालो, वहिनी, मला माफ करा.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माफी मागताय आन् मान ताठ?"

त्यांना कसं सांगणार? सांगितलं असतं तरी माझ्या तोंडून ते काय वाटलं असतं? मी समोरच्या फळीकडे बघत उभा राहिलो. पाठीवर दोन बोटं होती. त्या आठवड्यात ती घरीही असायची, जेवताना, दाढी करताना, अशी कधीही.

"माझं ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझं वय गेलं. पोरीचं लगीन ठरलंय. बापाचं नाव घेत न्हाई ती, पत्रिकेत घालू नका म्हनती. रविवारी तिला घिऊन येते. तिला सांगा. आन् मान खाली घालून सांगा."

८

बाराव्या रविवारी मी लवकर पोचलो. पुतळे उघडलेलेच होते. काडी लावायची गरज नव्हती. सातही हनुवट्या छातीला टेकल्या होत्या. मॅडम टेबलांमधून फिरत होत्या, चष्मा डोळ्यांवर होता आणि त्या कुणालाही रागावत नव्हत्या.

धम्मपालने रेघ ओढली, दोन्ही जोड्यांभोवती. यावेळी त्याने काही विचारलं नाही.

पहिल्या सुट्टीत वहिनी पोरीला घेऊन आल्या. प्रियदर्शिनी एकवीस वर्षांची, खांदे बापाचे. खांद्यांवरून मी आता माणूस ओळखतो. मी चौथऱ्यावरच होतो. उतरायचं तर पायरी बघावी लागते.

"कसे आहात काका?" ती म्हणाली आणि आपल्याकडे पोरी करतात तसं पाया पडायला वाकली.

मोठ्या माणसाने अशा वेळी खाली बघून डोक्यावर हात ठेवायचा असतो. माझा हात आपोआप गेला, अंदाजाने. मान मी धरून ठेवली. ती उठेल म्हणून थांबलो. ती उठली नाही.

तिचा हात माझ्या पायांवरून पुढे, माझ्या टाचांच्या मागे गेला असावा, कारण तिचं डोकं माझ्या हाताखालून सरकलं. मागच्या टेबलावर मनस्वीची कांडी थांबली.

"काका, हे मागचं पाऊल कुणाचं?"

मी घड्याळाकडे बघत होतो. नऊ पंचवीस.

"सात महिने मी आबांचे पाय दाबायचे," ती खालूनच म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, शाळेत धडा वाचावा तसं. "करंगळी नसलेला उजवा पाय मला डोळे मिटून कळतो. हे कुणी काढलं?"

धम्मपाल म्हणाला, "मी. जे होतं त्याच्याभोवती रेघ ओढली."

मग मी सांगायला लागलो. तीच चार वाक्यं. सांगताना आवाज कापला नाही, कारण मानेवर सगळा जोर होता आणि आवाजाला काही उरलं नव्हतं. पैज नव्हती. तुझा बाप फुशारकी मारणारा नव्हता. तो माझी गोष्ट ऐकत होता. मी त्याला बोटं लावली नाहीत.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "हे तुम्ही भिंतीला सांगताय. माझ्याकडे बघून सांगा."

ती अजून माझ्या पायाशीच बसली होती.

पाठीवरची बोटं तशीच होती. जोर नाही, घाई नाही. मी तंबाखू मळत असावा आणि तो थांबला असावा, तशी. समोर वहिनी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या खांद्याच्या मागे, थोडं वर, जिथे थप्पीवरून ओढलेली गोणी तोललेली असते तिथे बघत होत्या.

मी मान खाली घातली आणि ज्ञानूच्या पोरीकडे बघून म्हणालो, "मी बोटं लावली नाहीत." तिचे डोळे ओले होते. तेवढंच बघायला मिळालं.

डॉक्टर म्हणतात, मानेची हाडं झिजली होती, आपली आपण बसली. रणजीतला तेच पटलंय. सोनलला काय पटलंय ते ती सांगत नाही, पण पेन थांबलेलं नाही. काल वहिनी लग्नाची पत्रिका घेऊन आल्या होत्या. सोनलने ती माझ्या डोळ्यांसमोर धरली. ज्ञानूचं नाव आहे.

आणि ती गोणी कांद्याची होती. पन्नास किलो. वजन मला समजतं.